दाटपणाचे मोजमाप

(हीरक महोत्सवी वर्षात राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



विज्ञान दिनाचे भाषण मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या शिक्षिकेने करावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विज्ञानाच्या आमच्या शिक्षकांनी तसा आग्रह धरला, त्याला कारण आहे. यंदा नववीच्या मुलांनी प्रयोगशाळेत द्रवांची श्यानता मोजण्याचा उपक्रम केला. तो करताना मुलांना जितक्या अडचणी मोजमापात आल्या, तितक्याच शब्दांत आल्या. तेव्हा त्या वर्गात मीही जाऊन बसू लागले. तेथे जे शिकले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

आपण बसलो आहोत त्या बूढापाऱ्यात १८७७ च्या सुमारास कलकत्त्याचा नरेंद्र दत्त हा मुलगा आपल्या वडिलांकडे राहायला आला. पुढे जगाने त्याला स्वामी विवेकानंद म्हणून ओळखले. त्या काळी रायपुरात त्याच्या योग्य अशी शाळा नव्हती, म्हणून वडील विश्वनाथबाबूंनी त्याला घरीच शिकवले, असे चरित्रकार सांगतात. त्याच परिसरात आज मराठी मुलांना आपल्या घरच्या भाषेत शिकवणारी शाळा उभी आहे आणि तिने साठ वर्षे पूर्ण केली आहेत. त्या भाषेत विज्ञान कसे शिकता येते, याचे एक छोटे उदाहरण म्हणून मी आजचा विषय निवडला आहे.

द्रव पदार्थ किती दाट आणि किती पातळ, हे ओळखण्यात आपल्या आया-आज्या कुणालाही हार जाणाऱ्या नव्हत्या. आपली भाषाच त्याची साक्ष देते. घावनाचे पीठ सरसरीत हवे, थालीपिठाचे घट्ट हवे. कढी पातळ, पिठले दाटसर आणि वरण पळीवाढे. लाडवाचा पाक एकतारी की दोनतारी, हे चिमटीत धरून, बोटे विलग करून पाहायचे. पाक आणखी पुढे गेला की थेंब गार पाण्यात टाकायचा. त्याची गोळी झाली तर पाक गोळीबंद. शेजारच्या छत्तीसगढी घरात चीला घालणारी काकूही पळीवरून ओघळणारी पिठाची धार पाहूनच पाणी वाढवते. हे सारे निरीक्षण आहे आणि ते उत्तम निरीक्षण आहे. त्याला मर्यादा एवढीच, की ते ज्याच्या त्याच्या बोटांत राहते. माझे सरसरीत आणि आपले सरसरीत सारखे आहे की नाही, हे आपण दोघी एकाच चुलीशी उभ्या असल्याशिवाय ठरवता येत नाही. बोटांतले ज्ञान अंकात आले, की ते रायपूरहून पुण्याला पत्राने पाठवता येते. मोजमापाचे सारे महत्त्व यात आले.

आता शब्दाविषयी. द्रव आणि वायू दोन्ही वाहतात, म्हणून दोघांसाठी मिळून मराठी विश्वकोशाने ‘द्रायू’ हा शब्द स्वीकारला. वाहताना जो अंतर्गत विरोध होतो, त्याला ‘श्यानता’ म्हणतात. मुलांना हा शब्द प्रथम अवघड वाटला. पण त्याचे घर पाहिले की तो आपलासा होतो. संस्कृतात ‘श्यै’ असा धातू आहे. त्याचा अर्थ गोठणे, थिजणे. त्याच धातूपासून ‘शीत’ हा शब्द आला आणि त्यापासूनच ‘शीन’ व ‘श्यान’ हे शब्द आले. जुन्या वैयाकरणांनी ‘शीन’ शब्दासाठी थिजलेल्या तुपाचे उदाहरण दिले आहे. म्हणजे थंडी आणि दाटपणा यांचे नाते या धातूतच आहे, आणि प्रयोगशाळेतही द्रवांच्या बाबतीत तेच दिसते: थंड झाला की द्रवाची श्यानता वाढते. शिवाय छत्तीसगढमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलांचा आणखी एक लाभ आहे. पुढे महाविद्यालयात ती हिंदी पुस्तके वाचतील, तेथेही त्यांना ‘श्यानता’ हाच शब्द भेटेल.

श्यानता म्हणजे नेमके काय? पोथीची सुटी पाने एकावर एक ठेवावीत आणि सर्वांत वरचे पान हाताने पुढे सरकवावे. त्याच्याबरोबर खालचे पान थोडे सरकते, त्याखालचे आणखी थोडे. तळचे पान जागीच राहते. वाहणाऱ्या द्रवाचे थर असेच एकमेकांवरून घसरतात आणि घसरताना परस्परांना अडवतात. हा विरोध थरांच्या वेगांतील फरकाच्या प्रमाणात असतो, ही कल्पना न्यूटन यांनी १६८७ च्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडली. या विरोधाचे माप म्हणजे श्यानता. तिचे आंतरराष्ट्रीय एकक पास्कल-सेकंद आहे; जुने एकक पॉइज. १ पास्कल-सेकंद म्हणजे १० पॉइज. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्याची श्यानता जवळजवळ १ सेंटिपॉइज भरते, म्हणून तुलना करणे सोपे जाते. एरंडेल त्याच तापमानाला पाण्याच्या सुमारे हजारपट श्यान आहे, शुद्ध ग्लिसरीन सुमारे चौदाशेपट.

एक गैरसमज येथेच दूर करू. श्यानता वेगळी आणि घनता वेगळी. खाद्यतेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलके आहे. तरी त्याची धार पाण्यापेक्षा संथ असते. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड आहे, पण त्याची श्यानता पाण्याच्या दीडपटीच्या आसपास आहे. ‘जड’ आणि ‘दाट’ हे शब्द बोलताना आपण सैलपणे वापरतो. मोजायला बसलो की ते वेगळे करावे लागतात.

मोजण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. पहिली आमच्या मुलांनी केली. काचेच्या उंच नळीत ग्लिसरीन भरायचे आणि सायकलच्या बेअरिंगमधला असतो तसा, पण अगदी बारीक, पोलादी छर्रा त्यात सोडायचा. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते. द्रवाचे उत्प्लावन आणि श्यानतेचा विरोध त्याला अडवतात. थोड्याच अंतरात तिन्ही बले तुल्य होतात आणि छर्रा एकसारख्या वेगाने उतरू लागतो. हा अंतिम वेग, छर्ऱ्याची त्रिज्या आणि दोन्ही पदार्थांची घनता कळली की श्यानता काढता येते. या विरोधाचे सूत्र जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिले. २ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा २० अंश तापमानाच्या शुद्ध ग्लिसरीनमध्ये सेकंदाला सुमारे १ सेंटिमीटर उतरतो. हातातल्या साध्या घड्याळाने मोजता यावे इतका हा वेग संथ आहे.

प्रयोग सोपा दिसतो. त्यात दक्षता पुष्कळ लागते. छर्रा नळीच्या मधोमध सोडावा लागतो, कारण काठाजवळ भिंतीचा अडथळा वाढतो. सोडण्याआधी तो त्याच द्रवात भिजवावा लागतो, नाहीतर हवेचा बुडबुडा चिकटून त्याला उचलून धरतो. वरची काही सेंटिमीटर सोडून मगच वेळ मोजायला सुरुवात करायची. आणि तापमान प्रत्येक वेळी लिहायचे. यंदा एका गटाने सकाळी मोजले, दुसऱ्याने दुपारी, आणि दोघांची उत्तरे दुपटीने भिन्न आली. दोन्ही गट हट्टाला पेटले. वाद मिटवला तो तापमापकाने. २० अंशांना २० सेंटिमीटर उतरायला छर्ऱ्याला सुमारे २० सेकंद लागतात. तेच ग्लिसरीन ३० अंशांचे झाले की सुमारे ९ सेकंद पुरतात. दोघेही खरे होते. दोघांनी वेगवेगळ्या परिस्थितीचे सत्य मोजले होते.

तिसऱ्या गटाचे उत्तर दोघांपेक्षाही फार कमी आले. त्या मुलांनी पुस्तकातला आकडा पाहिला, वहीतले आपले आकडे खोडले आणि पुस्तकाशी जुळणारे लिहिले. प्रात्यक्षिकाच्या वह्या अशा ‘बरोबर’ करण्याची रीत आपल्याकडे किती रुळली आहे, हे पालकांना मी सांगायला नको. आमच्या शिक्षकांनी रागावण्याऐवजी खोडलेले आकडे पुन्हा शाईने लिहायला लावले आणि कारण शोधायला सांगितले. कारण सापडले. त्यांची बाटली पावसाळ्यापासून अर्धवट उघडी राहिली होती. ग्लिसरीन हवेतले बाष्प शोषून घेते. वजनाने केवळ १० टक्के पाणी त्यात मिसळले, तर त्याची श्यानता सहापटीहून अधिक घटते. म्हणजे त्या मुलांचे मोजमाप चोख होते. बाटलीवरचे ‘शुद्ध’ हे लेबल आता खरे राहिले नव्हते. आकडे खोडलेलेच राहिले असते तर ही गोष्ट कुणालाच कळली नसती. आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आकडा पुस्तकाच्या धाकाने खोडू नये, ही शिकवण मला श्यानतेच्या सूत्राहूनही मोलाची वाटते.

दुसरी पद्धत अरुंद नळीतून द्रव वाहू देऊन त्याला लागणारा वेळ मोजण्याची. तिच्या मुळाशी झां पॉयझ्वी हे फ्रेंच वैद्य आहेत. रक्त बारीक वाहिन्यांतून कसे वाहते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी १८४० च्या आसपास त्यांनी काचेच्या केशनळ्यांतून द्रव वाहवून अत्यंत काटेकोर मोजमापे केली. ‘पॉइज’ हे एकक त्यांच्याच नावावरून आले. जर्मनीत गोटहिल्फ हागेन यांनीही स्वतंत्रपणे तोच नियम शोधला. त्यांना आढळले, की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. त्रिज्या दहाच टक्के घटली, तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. आपल्या रक्तवाहिन्या काही काचेच्या ताठ नळ्या नव्हेत, त्यामुळे हा हिशेब शरीराला जसाच्या तसा लागू पडत नाही. तरी वाहिनी थोडी अरुंद झाल्यावर डॉक्टर इतकी काळजी का करतात, हे यावरून उमगते.

तिसरी पद्धत फिरवण्याची. एका पात्रात द्रव भरून त्यात दांडा ठरावीक वेगाने फिरवायचा आणि त्याला किती पीळ द्यावा लागतो ते मोजायचे. ती विशेष उपयोगी पडते ती न्यूटनचा नियम न पाळणाऱ्या पदार्थांसाठी. श्रीखंडाचा चक्का पातेल्यात ढीग करून उभा राहतो, पण घोटू लागलो की सैल होतो. मक्याच्या पिठाची दाट पेज हळू ढवळली तर वाहते, जोराने ढवळली तर दगडासारखी अडते. अशा पदार्थाची श्यानता एका आकड्यात सांगता येत नाही. वेगवेगळ्या वेगांना ती वेगवेगळी असते. रंग, टूथपेस्ट, औषधी मलमे, प्लॅस्टिकचे रस आणि आपले रक्तही याच जातीचे.

या अवघड शाखेत जगन्मान्य झालेले एक नाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे: डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांचा जन्म १९४३ चा, गोव्यातील माशेल गावचा. लहानपणीच वडील वारले. आईने मुंबईत कष्ट करून मुलाला वाढवले. महापालिकेच्या मराठी शाळेतून ते गिरगावच्या युनियन हायस्कूलमध्ये गेले. तेथील भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने कागद जाळून दाखवला आणि शक्ती एकवटण्याचा अर्थ समजावला, ही आठवण माशेलकर आजही सांगतात. पुढे मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, इंग्लंडमधील सॅल्फर्ड विद्यापीठात अध्यापन केले आणि १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ते परतले. बहुवारिकांची द्रावणे आणि जेल कसे वाहतात, कसे फुगतात, कसे आकसतात, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. १९८९ मध्ये ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले, १९९५ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक आणि १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य. मराठी शाळेत घातल्याने मूल मागे पडेल काय, असे विचारणाऱ्या पालकांना मी हे नाव सांगते. एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही, हे मी जाणते. आणि इंग्रजी आलेच पाहिजे, यात मला शंका नाही. पण पहिली समज ज्या भाषेत पक्की होते, त्या भाषेत प्रश्न विचारायला मूल कचरत नाही. ‘सर, हे सरसरीत म्हणजे किती?’ असा प्रश्न नववीतल्या मुलीने विचारला, तो त्याच बळावर.

आता आपल्या आसपास पाहू. स्कूटरच्या तेलाच्या डब्यावर ‘२० डब्ल्यू ४०’ असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर. पहिला आकडा थंडीतली वागणूक सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनातली श्यानता. रस्त्यासाठीच्या डांबराची प्रतवारी आपल्या देशात श्यानतेवरूनच होते. ‘व्हीजी-३०’ प्रतीच्या डांबराची श्यानता ६० अंशांना २,४०० ते ३,६०० पॉइज असावी, असा भारतीय मानक आहे. ६० अंश कशासाठी? मे महिन्यात रायपूरच्या रस्त्यावर अनवाणी पाय टेकवून पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि भिलाई तर हाकेच्या अंतरावर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आपल्या शाळेतील किती मुलांचे वडील, आजोबा तेथे नोकरी करून निवृत्त झाले! भट्टीत वितळलेल्या लोखंडावर मळीचा थर तरंगतो. ती मळी मोकळेपणाने वाहून बाहेर आली, तरच भट्टी सुरळीत चालते. तिची श्यानता सामान्यतः २ ते ५ पॉइज, म्हणजे १,५०० अंशांच्या आसपास तापलेला तो दगडांचा रस आपल्या घरच्या एरंडेलाहून पातळ असतो. आपल्या देशातील खनिजात अ‍ॅल्युमिना अधिक, त्यामुळे मळी दाट होण्याकडे झुकते. चुना आणि मॅग्नेशिया यांचे प्रमाण सांभाळून तिला वाहती ठेवावे लागते. स्वयंपाकघरात पिठात पाणी वाढवणे आणि भट्टीत डोलोमाइट वाढवणे यांच्यामागचा विचार एकच आहे.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम राखून ठेवला, कारण तो जिवाशी निगडित आहे. छत्तीसगढ आणि विदर्भ या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची, मऊ आणि लवचीक असते. आपल्याहून अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून निघून जाते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांना जोडले जातात, पेशी ताठ आणि विळ्यासारखी वाकडी होते, रक्ताची श्यानता वाढते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. त्याने असह्य वेदना होतात. शरीरातले पाणी कमी झाले, गारठा बाधला किंवा अतिश्रम झाले, तर हा त्रास उद्भवू शकतो. म्हणून आपल्या शाळेत तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवण्यास कोणत्याही मुलाला मनाई नाही, पाणी पिण्यासाठी परवानगी मागावी लागत नाही आणि कोणालाही शिक्षा म्हणून उन्हात उभे केले जात नाही. हा नियम लाडाचा नाही. त्यामागे पॉयझ्वी यांचे सूत्र आहे.

हा आजार संसर्गाने होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक व्यक्ती सहसा ठणठणीत असते, म्हणून तपासणीशिवाय तिला ते कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आपल्या रायपुरात तर यासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे. माजी विद्यार्थी आणि पालक यांना माझी हात जोडून विनंती आहे: घरात लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी मुलामुलींची ही रक्ततपासणी करून घ्या. पत्रिका पाहायला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ तिला लागत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये एका नसराळ्यात पिच नावाचा, डांबरासारखा काळा पदार्थ भरला. हातोडीने फोडला तर काचेसारखा तुकडे होणारा हा पदार्थ वस्तुतः द्रव आहे, हे त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचे होते. १९३० मध्ये नसराळ्याचे तोंड उघडले. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून पडले केवळ नऊ थेंब. पार्नेल गेले, त्यांच्यामागून सांभाळणारे जॉन मेनस्टोनही एकही थेंब पडताना न पाहता गेले; प्रयोग चालूच आहे. पिचची श्यानता पाण्याच्या सुमारे २३० अब्जपट निघाली. हा आकडा मिळण्यासाठी एका पिढीने भरलेले नसराळे पुढच्या पिढ्यांनी जपावे लागले.

शाळा हेही असेच जपण्याचे काम आहे. ज्यांनी ही शाळा सुरू केली, त्यांच्यापैकी अनेकांना तिचा हा हीरक महोत्सव पाहता आला नाही. आज येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते, रंगकाम आणि मोटारदुरुस्तीचे व्यवसाय करणारे आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कामात कोठे ना कोठे काहीतरी मोजले जाते. वर्षातला एक शनिवार आपण प्रयोगशाळेला द्यावा आणि आपण काय मोजता, कसे मोजता, ते मुलांना मराठीत सांगावे, एवढेच मागणे मी या व्यासपीठावरून मागते. उपकरणे विकत मिळतात. मोजण्याची सवय मोजणाऱ्या माणसाजवळ बसूनच लागते.

 नववीचे विद्यार्थी प्रयोगशाळेत नळ्या आणि छर्रे मांडून आपली वाट पाहत आहेत. तेथे एकदा अवश्य यावे, आणि आपल्या हाताने मोजलेला आकडा त्यांच्या वहीत, जसा आला तसा, लिहून जावा.